सोसायटीच्या आवारातली हवा: ऑक्टोबरच्या आधी उरकायची कामं

पाऊस संपला की मुंबई-पुण्याची हवा दोन-तीन आठवड्यांत बिघडते. धूर आणि धूळ जून-जुलैतही तयार होतच असते, पण पावसानं ती धुतली जाते आणि वाऱ्यानं पांगते. ऑक्टोबरनंतर वारा मंदावतो, रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकून राहते. पुण्याला चहूबाजूंनी टेकड्या असल्यानं हे जास्त जाणवतं. मुंबईला दुपारचा खारा वारा थोडाफार दिलासा देतो, पण रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वळतो आणि तोही मंद असतो. म्हणून थंडीत सकाळी सहा ते नऊ ही फिरायला जायची सर्वांत वाईट वेळ. सगळी ज्येष्ठ मंडळी नेमकी तेव्हाच बाहेर पडतात.

सोसायटीला शहराची हवा साफ करता येत नाही. वाहनं, कारखाने, बेकऱ्या, रस्त्यांची कामं हा सगळा भार पालिकेनं आणि सरकारनं उचलायचा आहे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली पेटवलेला पाल्याचा ढीग त्या खोलीत झोपलेल्या माणसाला दूरच्या चिमणीपेक्षा जास्त त्रास देतो. प्रदूषण जितकं जवळ तितकं ते कमी पातळ होऊन नाकात येतं. त्यामुळे आवारातलं आणि भिंतीला लागून असलेलं आधी थांबवायचं. एअर प्युरिफायर, गच्चीवरची झाडं, शहराबद्दलचे ठराव यांचा नंबर नंतर. घरात मनी प्लांट ठेवायला हरकत नाही, पण त्यानं हवा साफ होत नाही.

आधी आकडा नीट वाचायला शिका

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर थंडीत एक वाद ठरलेला असतो. एक जण हवेचा निर्देशांक (एक्यूआय) 98 लिहितो, दुसरा 153, आणि दोघेही एकाच सकाळबद्दल बोलत असतात. दोघेही बरोबर असू शकतात. भारतीय निर्देशांकात पीएम 2.5 (अडीच मायक्रॉनपर्यंतचे, फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण) घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल तर आकडा 100 येतो आणि हवेला ‘समाधानकारक’ म्हणतात. अमेरिकी मोजपट्टीवर तेवढ्याच कणांना दीडशेच्या पुढचा आकडा मिळतो. बरीच परदेशी अॅप्स अमेरिकी मोजपट्टी वापरतात. म्हणून निर्देशांकावरून भांडण्यापेक्षा थेट मायक्रोग्रॅमचा आकडा बघा.

लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. भारतात 2009 पासूनच्या मानकांप्रमाणे पीएम 2.5 ची 24 तासांची मर्यादा 60 आणि वार्षिक मर्यादा 40 आहे. पीएम 10 साठी, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, हेच आकडे 100 आणि 60. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सुचवलेली पीएम 2.5 ची पातळी कितीतरी खाली आहे: 24 तासांना 15 आणि वर्षाला 5. म्हणजे ‘समाधानकारक’ हा शब्द वाचून दम्याच्या रुग्णानं खिडक्या सताड उघडाव्यात असं नाही.

आणखी एक मेख आहे. आपल्या निर्देशांकात कणांची 24 तासांची सरासरी धरतात. संध्याकाळी सात वाजता गेटबाहेर कुणी रबर जाळलं तर त्याचा ठसा त्या आकड्यात जवळजवळ दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर किंवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ सेवेवर जवळचं केंद्र शोधा. अंदाज तिथून घ्या, आणि आवारात काय चाललंय ते स्वतः बघा.

सोसायटीनं छोटा सेन्सर घेतला तर तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, पावसापासून आडोशाला, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून दूर लावा. हे स्वस्त सेन्सर प्रकाश किती विखुरला यावरून कण मोजतात. हवा दमट असली की पाण्यानं फुगलेला कण त्यांना मोठा वाटतो आणि धुक्याच्या सकाळी आकडा उगाच चढतो. आठवडाभर जवळच्या सरकारी केंद्राशी ताडून बघितल्याशिवाय त्याच्या जोरावर कुणाला नोटीस पाठवू नका. त्याचा खरा उपयोग तुलनेसाठी: कालपेक्षा आज, दुपारपेक्षा रात्री, मागच्या गेटपेक्षा पुढच्या गेटला.

आठवडाभराची फेरी

दोघांनी मिळून सात दिवस, दिवसातून तीनदा आवाराला आणि बाहेरून भिंतीला एक चक्कर मारायची: सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री साडेदहाला. रात्रीची फेरी टाळू नका, बरंचसं जाळणं रात्रीच होतं. वहीत पाच रकाने पुरेत: वेळ, जागा, काय दिसलं, वास कसला, वारा कुठून. वाऱ्यासाठी गच्चीच्या कठड्यावर काठी उभी करून हातभर लोकरीचा धागा बांधा. मंद वाऱ्यातही तो दिशा दाखवतो.

वासावरून बरंच कळतं. ओल्या पाल्याचा धूर पांढरा आणि दाट असतो, घशाला खवखवतो. प्लास्टिकचा काळा आणि उग्र. तांब्यासाठी वायर जाळत असतील तर वास तोंडात चव राहिल्यासारखा टिकतो. डिझेलचा ओळखीचाच. आठवड्याच्या शेवटी वहीत साधारण अशी नावं येतात: झाडलोट करणाऱ्यानं पेटवलेला पाला, वॉचमनची शेकोटी, कोणाच्या तरी फ्लॅटमधलं फरशी कापायचं काम, शेजारच्या प्लॉटवरचं बांधकाम, गेटसमोरचा कच्चा पट्टा, जनरेटर.

जाळणं

राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. तरीही पाला जाळला जातो, कारण झाडणाऱ्या माणसाला तो न्यायचा कुठे हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. पर्याय उभा करा, जाळणं आपोआप बंद होतं.

पर्याय म्हणजे पाल्याचा पिंजरा. वेल्डेड जाळीचा 10 फूट लांब आणि 4 फूट उंच तुकडा घ्या, गोल वळवून टोकं तारेनं बांधा. साधारण 3 फूट व्यासाचा, 28 घनफुटांचा पिंजरा होतो. तो मातीवर ठेवा, फरशीवर नाही, म्हणजे पाणी झिरपतं आणि गांडुळं वर येतात. मीटर रूम, पार्किंग आणि भिंत यांपासून निदान दहा फूट लांब ठेवा, कारण सुका पाला आणि फेकलेलं सिगारेटचं थोटूक एकत्र आलं की काय होतं ते सांगायला नको.

तळाशी सहा इंच काटक्या टाका, खालून हवा खेळायला. त्यावर फूटभर पाला, पायानं हलकेच दाबून. मग 10 लिटर पाण्यात 2 किलो ताजं शेण, पाव किलो गूळ आणि लिटरभर आंबट ताक कालवून त्यातलं अर्धं शिंपडा. शेण मिळत नसेल तर ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यातलं अर्धवट तयार खत दोन-तीन घमेली चालतं. पुन्हा पाला, पुन्हा पाणी. सुक्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतं, त्यामुळे नुसत्या पाल्याला कुजायला फार वेळ लागतो. तीन घमेली पाल्याला एक घमेलं हिरवळीचं कापलेलं गवत किंवा भाजीचे देठ घातले की काम लवकर होतं.

पिंजरा फसतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. दोन महिन्यांनी उघडून बघितलं तर पानं जशीच्या तशी, म्हणजे ढीग आतून कोरडा आहे. वरून शिंपडलेलं पाणी पानांवरून घरंगळून जातं. हात कोपरापर्यंत आत घाला, मूठभर काढा आणि आवळा. तळवा ओला व्हायला हवा, थेंब पडायला नको. कोरडा असेल तर ढीग बाहेर काढून थर भिजवत पुन्हा भरावा लागतो, वरून पाइप सोडून भागत नाही. उलट कुजका वास आला तर पाणी जास्त झालंय. काटक्या मिसळून ढीग खालीवर करा आणि दोन दिवस उघडा ठेवा. दर पंधरा दिवसांनी एकदा उलथापालथ केली तर चार ते सहा महिन्यांत ढीग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत मिळतं.

सगळी पानं सारखी नसतात. रेन ट्री आणि गुलमोहराची बारीक पानं झपाट्यानं कुजतात. आंबा, फणस, वड यांची चिवट पानं वर्षभर हटत नाहीत, ती आधी चुरावी लागतात. ड्रायव्हेवर पातळ पसरून दोन दिवस गाड्या त्यावरून जाऊ दिल्या तरी बराच चुरा होतो. पानगळीचा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, त्यामुळे पिंजरे जानेवारीतच तयार हवेत. शंभर फ्लॅटच्या, बऱ्यापैकी झाडं असलेल्या सोसायटीला तीन-चार पिंजरे लागतात: एक भरत असताना दुसरा कुजतो.

शेकोटीचा प्रश्न वेगळा. डिसेंबरात पुण्यात रात्रपाळीचा वॉचमन हाताला येईल ते पेटवतो: खोके, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या. त्याला थंडी वाजते, बाकी काही नाही. कमिटीनं नोव्हेंबरच्या सभेतच जाड स्वेटर, कानटोपी, घोंगडी आणि केबिनसाठी छोट्या ऑइल हीटरची तरतूद करावी. केबिनचा दरवाजा बंद होत नसेल तर तो आधी दुरुस्त करा, नाहीतर हीटर रस्ता तापवत बसतो. कोळशाची शेगडी बंद केबिनमध्ये कधीही देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

धूळ

आवार कोरड्या खराट्यानं झाडलं की धूळ जमिनीवरून उठून नाकापर्यंत येते आणि तासाभरात पुन्हा खाली बसते. आधी हलकं पाणी शिंपडायचं, चौरस मीटरला साधारण अर्धा लिटर, पाच मिनिटं थांबायचं आणि मग झाडायचं. जास्त पाणी टाकलं तर चिखल होऊन टायरला लागतो आणि तीच धूळ गेटबाहेर पसरते. पाणी सांडपाणी प्रक्रियेचं असेल तर उत्तम, पण त्याला वास नसावा. गेटसमोरचा कच्चा पट्टा हा कायमचा झरा आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवा किंवा दूर्वा लावा. मात्र ब्लॉकच्या फटी वाळूनं भरून दाबल्या नाहीत तर पहिल्याच पावसात ब्लॉक हलतात आणि खालची माती वर येते.

फ्लॅटचं नूतनीकरण ही अंतर्गत धुळीची सर्वांत मोठी बाब, आणि इथे कमिटीच्या हातात खरंच अधिकार असतात. परवानगीपत्रात चार अटी लिहून घ्या आणि अनामत रक्कम त्यांच्याशी जोडा.

पहिली: फरशी आणि ग्रॅनाइट कोरडं कापायचं नाही. त्या पांढऱ्या ढगात स्फटिकी सिलिका असते, फुप्फुसात गेली की परत निघत नाही, आणि सर्वांत जास्त ती कापणाऱ्या पोराच्याच छातीत जाते. कटरच्या पात्यावर मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी पडेल असा नळीचा कटर वापरायचा. बाटलीनं मधूनमधून पाणी ओतणं पुरत नाही. पाणी आणि वीज एकत्र येणार म्हणून 30 मिलिअँपिअरच्या अर्थ लीकेज ब्रेकरशिवाय (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण) मशीन लावू द्यायचं नाही.

दुसरी: राडारोडा ओला करून, गोणीत भरून, गोणीचं तोंड बांधूनच खाली आणायचा. खिडकीतून किंवा डक्टमधून सोडायचा नाही. तिसरी: ज्या दिवशी गोण्या भरल्या त्याच आठवड्यात उचलायच्या, आणि त्या कुठे गेल्या त्याची पावती दाखवायची. पावती नसेल तर त्या बहुधा नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी ओतलेल्या असतात. चौथी: सँडिंग आणि पॉलिशच्या वेळी फ्लॅटचं मुख्य दार ओल्या चादरीनं झाकायचं आणि लिफ्टच्या लॉबीत दिवसातून दोनदा ओलं पोछा मारायचं.

शेजारचं बांधकाम

मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना हातात ठेवण्याजोग्या आहेत. एक एकरापेक्षा मोठा भूखंड किंवा 70 मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर भोवतीचे पत्रे किमान 35 फूट, बाकीच्यांना 25 फूट. इमारत चारी बाजूंनी हिरव्या कापडानं किंवा तागाच्या कापडानं झाकलेली. राडारोडा चढवताना-उतरवताना पाण्याचा फवारा. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकची चाकं धुतलेली. मुंबईबाहेर असाल तर तुमच्या पालिकेचं परिपत्रक मागवून घ्या, आकडे वेगळे असू शकतात.

या सगळ्यात तपासायला सोपी आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे चाकं. साइटच्या गेटपासून रस्त्यावर किती लांबपर्यंत मातीचे पट्टे दिसतात ते बघा. पट्टा पन्नास पावलं गेला असेल तर चाकं धुवायची जागा एकतर नाही, किंवा आहे आणि तिचं पाणी गढूळ होऊन नुसता चिखल माखला जातोय. रस्त्यावरची ही माती मागून येणारी प्रत्येक गाडी दळून बारीक करते. साइटवर धुक्याची तोफ (पाण्याचे बारीक तुषार लांब उडवणारं यंत्र) दिसली म्हणून समाधान मानू नका. तिच्या फवाऱ्याखाली जेवढा टापू येतो तेवढाच, आणि वारा उलटा असेल तर तोही नाही.

आधी साइट इंजिनिअरला भेटा, बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात. मागणी नेमकी ठेवा: ‘धूळ फार होते’ असं नाही, तर ‘पश्चिमेकडचं हिरवं कापड सातव्या मजल्यापासून वर फाटलंय, गुरुवारपर्यंत लावा’. फरक पडला नाही तर विभाग कार्यालयात लेखी तक्रार करा, सोबत तीन वेगवेगळ्या दिवसांचे तारीख-वेळ आणि ठिकाण उमटलेले फोटो. ‘समीर’ अॅपवरही तक्रार टाकता येते. एकाच माणसाच्या वीस तक्रारींपेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवरची एक, आवक क्रमांक घेतलेली, जास्त चालते. आठवड्यानं त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन दुसरं पत्र द्या.

जनरेटर आणि गाड्या

जनरेटरच्या धुराड्याची उंची किती असावी याचं सूत्र केंद्रीय मंडळानं दिलेलं आहे: इमारतीची मीटरमधली उंची, अधिक जनरेटरच्या केव्हीएमधल्या क्षमतेच्या वर्गमूळाच्या 0.2 पट. म्हणजे 21 मीटरची इमारत आणि 100 केव्हीएचा जनरेटर असेल तर धुराडं 23 मीटरवर उघडायला हवं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पाइप पोडियमवर, कधी कधी तर लहान मुलांच्या घसरगुंडीच्या उंचीवर संपतो. दुरुस्ती महाग असली तरी हे काम पुढे ढकलू नका.

काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासून घ्या. मोठा जनरेटर घेऊन त्यावर फक्त लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालवत असाल तर तो सतत क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली चालतो, डिझेल पूर्ण जळत नाही आणि धुराड्यात काळं तेलकट थर साचतो. आठवड्याची चाचणी सकाळी सातला घेऊ नका. दुपारी दोन-तीनला घ्या, तेव्हा ऊन आणि वाऱ्यानं धूर लवकर वर जातो. आणि रिकामा फिरवण्याऐवजी पंप, लिफ्ट असा भार देऊन पंधरा मिनिटं चालवा.

गाड्यांबाबत सोसायटीच्या हातात फार नाही. शाळेच्या बसला आणि डिलिव्हरीच्या टेम्पोला गेटवर इंजिन बंद करायला सांगणं, बंद तळघरातल्या पार्किंगचे एक्झॉस्ट पंखे सकाळच्या गर्दीत चालू ठेवणं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगला ना-हरकत अडवून न धरणं, एवढं जरी केलं तरी खूप. पीयूसीवर फार विसंबू नका. पेट्रोल गाडीच्या तपासणीत सूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत, आणि टायर-ब्रेकची झीज तर कुठल्याच प्रमाणपत्रात येत नाही.

घराच्या आत

रात्रभर खिडक्या लावून मच्छर कॉइल पेटवणाऱ्या घरात बाहेरच्या हवेची चर्चा करण्यात अर्थ नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी हाच इलाज. धूप, अगरबत्ती देवापुढे लावायचीच असेल तर एकच, खिडकी उघडी ठेवून. दिवाळीत बाकी काही जमलं नाही तरी सापाच्या गोळ्या मुलांच्या हातात देऊ नका. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशननं 2016 मध्ये केलेल्या मोजणीत तपासलेल्या फटाक्यांमध्ये सर्वाधिक पीएम 2.5 त्यांच्यातूनच निघाले. मूल ती गोळी पेटवायला उकिडवं बसतं, चेहरा हातभरावर असतो.

फोडणी देताना किंवा तळताना चिमणी आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. पाइप बाहेर काढलेला नसेल, नुसता कोळशाचा फिल्टर असेल तर चिमणी वास कमी करते, बारीक कण मात्र घरातच फिरवते. थंडीत खिडक्या दुपारी बारा ते चार उघड्या ठेवा. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी नऊच्या आधी बंद. एसीच्या जाळीतून पीएम 2.5 आरपार जातात.

घरात बाळ, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर प्युरिफायर घ्यावा, पण हिशेब करून. खोली 10 बाय 12 फूट आणि छत साडेनऊ फूट असेल तर आकारमान 1,140 घनफूट, म्हणजे जवळपास 32 घनमीटर. हवा तासाला पाचदा गाळली जावी असं धरलं तर 160 घनमीटर लागतात. खोक्यावर स्वच्छ हवेचा दर सीएडीआर या नावानं छापलेला असतो. तो 160 च्या वर हवा, आणि तोही तुम्ही झोपताना ठेवाल त्या वेगाला. छापलेला आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो, त्या आवाजात कुणाला झोप येत नाही. म्हणून दीडपट क्षमतेचा घेऊन मधल्या वेगावर चालवा. आयोनायझर आणि ओझोनचं बटण असेल तर बंद ठेवा. यंत्र भिंतीला चिकटवू नका, चारी बाजूंनी फूटभर मोकळं सोडा आणि दार बंद ठेवा; हॉलमध्ये ठेवून तीन खोल्या साफ होत नाहीत.

बाहेरची जाळी दर पंधरवड्याला व्हॅक्यूमनं किंवा मऊ ब्रशनं झटका, गच्चीवर, स्वतः एन-95 लावून. आतला हेपा फिल्टर (सूक्ष्म कण अडवणारा दाट तंतूंचा फिल्टर) धुवायचा नाही: पाण्यानं त्याचे तंतू चिकटतात, मधे फटी पडतात, आणि यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला असला तरी कण त्या फटींतून निघून जातात.